हेडफोनच्या पिनचं भोक नसलेला फोन आला आणि माझी सम हुकायला लागली. आता काय करू?

स्वरसाधिका_लालबाग

नमस्कार मंडळी. प्रश्न फोनचा आहे, पण थोडं घरचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. (सम म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीतली पहिली मात्रा, पहिला ठोका.)

मी लालबागला चाळीत राहते. सत्तावीस वर्षं लहान मुलांना गाणं शिकवते. लॉकडाऊनपासून नाशिकच्या दोन आणि पुण्याची एक मुलगी फोनवरून शिकतात. त्यांच्यासाठी मी बंदिशी रेकॉर्ड करून पाठवते. पद्धत साधी आहे. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये तबल्याचा ठेका लावायचा, तो कानात ऐकत गायचं, ॲप ठेका आणि आवाज एकत्र करून देतं. ठेका कानातच हवा, कारण एक तर तो मोठ्याने लावला तर माइकमध्ये दुसऱ्यांदा शिरतो, आणि दुसरं म्हणजे पहाटे साडेपाचला भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो.

जुन्या फोनला हेडफोनची पिन लागायची. दीडशे रुपयांचा वायरचा इअरफोन होता, चार वर्षं चालला. फोनची बॅटरी फुगली म्हणून पाडव्याला मुलाने नवा फोन आणला, पहिल्या पगारातून. त्याला पिनचं भोकच नाही. मुलाने सोबत बिनवायरचे बड्सही आणले होते. दिसायला छान, आवाजही गोड. मी आनंदाने वापरायला लागले.

पंधरा दिवसांनी नाशिकहून एका मुलीच्या आईचा फोन आला. बिचारी संकोचत म्हणाली, "ताई, रागावू नका, पण ही म्हणते की तुमची सम उशिरा पडते." नऊ वर्षांची मुलगी, आणि तिचं बरोबर होतं. मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. तीनतालातली यमनची बंदीश, आणि प्रत्येक आवर्तनात मी समेच्या मागे. जरासं नाही, चांगलं मागे. मी चोपन्न वर्षांची आहे. त्या रात्री मला वाटलं की आपली लय गेली. दोन दिवस मी पेटी उघडली नाही, घरात कुणाला काही बोललेही नाही.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याला तबला घेऊन बोलावलं. त्याच्याबरोबर तीच बंदीश गायले, तर सम जिथल्या तिथे. म्हणजे घोळ बड्समध्ये आहे. पण कसा, ते मला कळत नाही. गाणं ऐकताना किंवा सिनेमा बघताना तर काहीच मागेपुढे वाटत नाही.

दादर स्टेशनबाहेरून एक छोटी वायर आणली, एका टोकाला चार्जिंगची पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक. लावली तर इअरफोन मुका, आणि आवाज फोनच्या स्पीकरमधूनच.

तर विचारायचं असं की अशी कुठली वायर खरंच चालते का, की मला भोकवाला दुसरा फोनच घ्यावा लागेल? मुलाला काय सांगू तेही समजत नाही. आणि एक मनापासूनचा प्रश्न. हे भोक काढलं कशाला? कुणाला त्याचा त्रास होत होता?

ट्रॅकवाला

ताई, सगळ्यात आधी हे मनातून काढून टाका. तुमची लय शाबूत आहे.

मी अंधेरीला डबिंग-रेकॉर्डिंगचं काम करतो, आमच्याकडे रोजचाच हा विषय. वायरमधून आवाज जवळजवळ तत्क्षणी कानात येतो. ब्लूटूथमध्ये फोन आधी आवाज दाबून लहान करतो, तुकडे करून हवेत सोडतो, बड्स ते तुकडे गोळा करून परत उलगडतात. मध्ये एखादा तुकडा हरवला तर परत मागता यावा म्हणून थोडा साठा करून मगच वाजवतात. या सगळ्यात साध्या बड्सना सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज लागतो, कधी त्याहून जास्त.

आता तुमच्या हिशेबात मांडतो. मध्यलयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे तुम्ही जवळजवळ अर्धी मात्रा मागे. द्रुत, २४० धरली तर एक मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे अख्खी मात्राच हुकल्यासारखी. तुम्ही कानातल्या ठेक्याला अगदी बरोबर गात होतात. ठेकाच तुमच्यापर्यंत उशिरा येत होता, आणि ॲपला ते माहीत नव्हतं. त्याने तुमचा आवाज मूळ ठेक्यावर ठेवला, म्हणून तो मागे दिसला.

सिनेमात का कळत नाही? कारण तिथे फोन चित्रालाही तेवढंच थांबवून ठेवतो, मग ओठ आणि आवाज जुळतात. गाणाऱ्या माणसाला कोण थांबवणार?

आणखी एक. रेकॉर्डिंगला बड्सचा माइक कधीच वापरू नका. तो चालू झाला की बहुतेक बड्स फोन कॉलच्या पद्धतीवर जातात आणि आवाज टेलिफोनसारखा बसका होतो. कमी उशिराचे बड्सही मिळतात, पण त्यासाठी फोन आणि बड्स दोघांनाही एकच पद्धत यावी लागते. तुमच्या कामाला वायरच. यात दुसरं मत नाही.

विरारकर_०७

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. भोक गेलं याचं मला दुःख नाही.

मागच्या वर्षी बोरिवलीला उतरताना माझ्या इअरफोनची वायर कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकली. गर्दी बाहेर ढकलत होती, फोन खिशातून ओढला गेला आणि फलाट आणि डब्याच्या फटीतून थेट रुळांवर. स्क्रीन, बोर्ड, सगळं गेलं. तेव्हापासून ब्लूटूथच. विरार लोकलमध्ये वायर घालून उभं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या हातात आपला फोन देणं.

हे खरं की बड्सचीही रड आहे. मित्राचा एक बड अंधेरीला त्याच फटीत गेला आणि उरलेला एक घेऊन तो अजून फिरतो. पण रोज तीन तास प्रवास करणाऱ्याला वायर नको हे पण ऐकून घ्या.

सोल्डर_गन

लॅमिंग्टन रोडला अठरा वर्षं मोबाइल दुरुस्ती करतो. ताई, तुमची दादरची वायर बिघडलेली नाही. ती चुकीच्या जातीची आहे.

टाइप-सी ते हेडफोन या वायरींच्या दोन जाती असतात, बाहेरून सारख्याच दिसतात. एकीत नुसती तार असते. ती तेव्हाच चालते जेव्हा फोन स्वतः तयार आवाज चार्जिंगच्या भोकातून बाहेर देतो, आणि बरेच फोन तो देत नाहीत. दुसरीत एक छोटी चिप असते. फोन आकडे देतो, चिप त्यांचा आवाज बनवते. तिला दुकानात "डॅकवाली" म्हणून मागा. आणि मागून थांबू नका, तुमचा फोन आणि इअरफोन घेऊन या, काउंटरवर लावून बघा, मगच पैसे द्या.

आता काढलं कशाला ते. ॲपलने २०१६ च्या सप्टेंबरात आयफोन ७ आणला तेव्हा जॅक, म्हणजे हे हेडफोनचं भोक, काढलं. त्यांचे तेव्हाचे मार्केटिंगप्रमुख फिल शिलर यांनी मंचावर त्यासाठी "धैर्य" हा शब्द वापरला होता. त्याआधीही काही कंपन्यांनी जॅक काढलेले फोन आणले होते, पण लाट आली ती यानंतर. गूगलने त्याच वर्षी आपल्या पिक्सेल फोनच्या जाहिरातीत आपल्याकडे जॅक आहे म्हणून टोमणा मारला आणि पुढच्या वर्षी पिक्सेल २ मधून तोही काढला. वनप्लसने २०१८ ला ६टी मध्ये, सॅमसंगने २०१९ ला नोट १० मध्ये. ॲपल सुरुवातीला डब्यात छोटी वायर तरी देत होतं, २०१८ पासून तीही बंद.

जागा वाचते हे खरं आहे. मी रोज फोन उघडतो, जॅकचा डबा आतमध्ये बऱ्यापैकी खोल असतो, तिथे बॅटरी वाढवता येते. पण पाण्यासाठी काढला असं कुणी सांगितलं तर मी मानत नाही. सॅमसंगचा २०१६ चाच गॅलेक्सी एस७ घ्या, जॅक असून पाण्यात टिकणारा होता.

मला खटकतं ते वेगळंच. जॅक बिघडला तर बहुतेक वेळा आत खिशातला कापूस बसलेला असायचा. लाकडी टूथपिकने काढायचा, दोन मिनिटांचं काम, मी त्याचे पैसेही घेत नसे. आता ऐकणं आणि चार्जिंग एकाच भोकावर आलं. दिवसातून चार वेळा काढघाल झाली की ते सैल होतं, आणि ते गेलं की फोनच बंद. बड्सचं तर विचारूच नका. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, सगळं चिकटवून बंद केलेलं असतं. लोक दुरुस्तीला आणतात आणि मला रिकाम्या हातांनी परत पाठवावं लागतं. दीडशेच्या वायरला मी टाका मारून देत होतो.

काठी_आणि_कान

मला दिसत नाही. फोन बोलतो आणि मी ऐकून वापरतो. दादरच्या एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे, अंबरनाथहून येतो.

स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोनने त्याच क्षणी सांगावं लागतं. ब्लूटूथवर ते उशिरा येतं, तोवर बोट पुढच्या बटणावर गेलेलं असतं. शिवाय थोडा वेळ शांतता झाली की बड्स डुलकी घेतात आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळतात. "नको" आणि "को" यात पैसे पाठवताना किती फरक पडतो याचा विचार करा. आणि बड्सची बॅटरी संपली तर? मग माझा ओटीपी, बँकेतली शिल्लक, बायकोचा मेसेज, सगळं स्पीकरवरून डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जातं. डोळस माणसाचा इअरफोन बंद पडला तर गाणं थांबतं. माझा बंद पडला तर माझ्या फोनला पडदा राहत नाही.

मी एका कानात वायर घालतो, दुसरा कान स्टेशनच्या घोषणेला मोकळा.

ही पिन मुळात आमच्याच कामातली. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर जी जाड पिन बोर्डात घालून दोन माणसांना जोडून द्यायचे, त्याच पिनचं हे धाकटं भावंड. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओला लागलं, १९७९ मध्ये वॉकमनला लागलं. बोटाने चाचपून अंधारात लावता येतं, जोडणी करावी लागत नाही, चार्ज करावं लागत नाही. यापेक्षा सोपी वस्तू मला तरी माहीत नाही. मी अजूनही जॅक आहे का हे विचारूनच फोन घेतो. स्वस्त आणि मधल्या किमतीत मिळतात.

वडाळा_डेपो

बेस्टमध्ये कंडक्टर होतो, आता घरी. एवढंच सांगतो की वायरमुळे फोनमध्ये एफएम लागायचा, कारण ती वायरच एरियल असते. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, माझी बस कालिन्याजवळ रात्रभर उभी होती. मोबाइल लागत नव्हते. एका कॉलेजच्या मुलाच्या फोनमध्ये रेडिओ होता, तो कानात वायर घालून ऐकायचा आणि आम्हाला मोठ्याने सांगायचा. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही कंपन्यांना कळवलं की फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद ठेवू नका. पण एरियल लावायला भोक तर हवं. जॅकवाला फोन घेताना आत एफएम आहे का तेही बघून घ्या, सगळ्यांत नसतो.

स्वरसाधिका_लालबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ध्या मात्रेचा हिशेब वाचला आणि मला रडू आलं, खरंच सांगते.

शनिवारी मुलाला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. त्याला सगळं सांगितलं. मला भीती होती की त्याला वाईट वाटेल. तो एवढंच म्हणाला, "आई, दोन दिवस गायली नाहीस आणि मला बोलली नाहीस?" डॅकवाली वायर काउंटरवर माझ्या जुन्याच इअरफोनला लावून बघितली. वाजली. फोन बदलायची गरज पडली नाही.

घरी येऊन दोघांनी परीक्षा घेतली. ठेका कानात ऐकत मुलाने प्रत्येक समेवर टाळी वाजवली आणि ती रेकॉर्ड केली. बड्सवर टाळी समेनंतर वेगळी ऐकू आली. वायरवर टाळी आणि समेवरचा तबल्याचा धा एकत्र. अगदी केसभर फरक होता, तोही ॲपमध्ये उशीर भरून काढायची सोय सापडली तिथून घालवला. बड्सवर हीच युक्ती करून बघितली, पण तिथला उशीर दर वेळी कमीजास्त होतो, त्यामुळे एकदा जुळवलेलं दुसऱ्यांदा जुळत नाही.

एकच भोक असल्यामुळे गाताना चार्जिंग लावता येत नाही, म्हणून रात्रीच फोन भरून ठेवते. विरारकर, तुमचं पटलं. क्लाससाठी परळहून अंधेरीला जाते तेव्हा मीही आता बड्सच घालते, लेडीज डब्यात वायर ओढली जातेच.

पण काठीदादा, तुमचं लिहिणं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मला नुसती सम सांभाळायची होती. तुमच्याकडून जे काढून घेतलंय ते फार मोठं आहे, आणि कंपन्यांनी ते आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.

बोटभर वायर आहे, हरवेल म्हणून पेटीच्या कडीला दोऱ्याने बांधून ठेवली आहे. अकरा बंदिशी पुन्हा रेकॉर्ड करायच्या आहेत. यमनची काल रात्री नाशिकला पाठवली. सकाळी त्या मुलीचा आवाज आला, माझ्याबरोबर गायलेला, सम नेमकी.