पाणी उतरलं, आता आधी काय? (सोसायटी ग्रुप, शामरावनगर, सांगली)

रविवार, सकाळ

सचिव, अ-३०२: आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराची पातळी रात्रीत ४५ फुटांच्या खाली आली. आपला भाग सखल, त्यामुळे इथलं पाणी मागाहून हललं. आता पार्किंग मोकळं आहे, गाळ मात्र घोट्याएवढा. तळमजल्याच्या चारही घरांना कुलपं उघडायची घाई आहे हे कळतंय, पण मीटर केबिनला आणि पंपाच्या स्टार्टरला कुणीही हात लावू नका. बाकी ग्रुपवर वाचून मग करा.

अ-००१: पाण्याची रेघ खिडकीच्या चौकटीपर्यंत आहे. पोरं पाइप लावून धुवायला लागलीत. चालेल ना?

ब-२०१ काका: पाच मिनिटं थांबवा त्यांना. आधी फोटो. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, भिंतीवरच्या रेघेला टेप लावून एक फोटो, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या नंबरप्लेटचा एक. तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा घर धुतलेलं असेल तर दाखवणार काय? विमा असेल तर कंपनीला आजच कळवा. टाकून द्यायच्या वस्तू गेटजवळ ढिगात ठेवा, पंचनामा होईपर्यंत घंटागाडीत जाऊ देऊ नका.

मग गाळ. तो ओला आहे तोवरच निघतो. दोन दिवस ऊन लागलं की फरशीवर सिमेंटसारखा बसतो आणि खरवडताना टाइल्सचा ग्लेझ निघतो. फावड्याने ओढा, वायपरने लोटा, पाणी शेवटी. वरून खाली धुवा: भिंत, ओटा, मग फरशी.

अ-००१: बाथरूमच्या जाळीतून लोटून दिला तर?

ब-२०१ काका: अजिबात नको. नहाणी ट्रॅप (जाळीखालचा वाकडा पाइप) आणि बाहेरचा चेंबर दोन्ही चोक होतात, मग वरच्या चारही मजल्यांचं सांडपाणी तुमच्याच बाथरूममध्ये येतं. घमेल्याने काढून गेटच्या उजव्या बाजूला टाका, ट्रॅक्टर सांगितला आहे. जाळ्यांवर गोणपाट घालून ठेवा.

ब-००३ ताई: हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय कुणी उतरू नका. फर्निचरखाली आधी काठी फिरवा, साप दडून बसतात. पायाला जखम असेल तर गाळात जाऊच नका. लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या आरोग्य केंद्रातून, विचारून घ्या, मेडिकलमधून मनाने नको.

अ-१०३ दादा: लाइटचं मी सांगतो, कारण आत्ता ब-००४ मध्ये कुणीतरी बटण दाबून बघितलं म्हणे. सप्लाय मेनला बंद होता म्हणून वाचले.

पाण्यात बुडालेली एमसीबी आणि आरसीसीबी (बिघाड झाला की आपोआप सप्लाय तोडणारे स्विच) वाळवून वापरायची नसते, बदलायची. बाहेरून कोरडी दिसते, आत स्प्रिंगवर गाळ बसलेला असतो. गरजेच्या वेळी ट्रिपच होत नाही. स्विच-सॉकेट तसेच, बुडालेले सगळे नवे. बोर्डाची लोखंडी किंवा पीव्हीसी पेटी धुऊन परत चालते. वायर चांगल्या कंपनीची असेल तर बहुधा राहते, पण पाइपात पाणी साठलेलं असतं. ते खालच्या बाजूने काढून टाकायचं.

मग मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. ५०० व्होल्टचा. सगळे बल्ब, पंखे, उपकरणं सुटी करायची आणि फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल बघायचं. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन चालू करायची नाही, आणखी आठ दिवस वाळू द्यायची. वायरमन मेगर न आणता "टेस्टर लावून बघतो" म्हणाला तर परत पाठवा.

अ-२०२: वरच्या मजल्यांना तरी लाइट लवकर द्या की. फ्रिजमधलं सगळं गेलं.

अ-१०३ दादा: वहिनी, मीटर केबिनच बुडालं होतं. महावितरणचा माणूस बघून जाईल, त्याशिवाय सील तोडता येत नाही. जनरेटर आणणार असाल तर पार्किंगच्या आत नको, बाहेर रस्त्याकडेला. धूर आत साठला तर माणूस गुंगीतच जातो.

ब-००४: आमचा फ्रिज तर तरंगत होता. गेला का?

अ-१०३ दादा: कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो बहुतेक वेळा वाचतो. त्याच्या शेजारचा रिले, कपॅसिटर, थर्मोस्टॅट आणि असेल तर पीसीबी (इलेक्ट्रॉनिक कार्ड) जातो. खरी अडचण भिंतींमधल्या फोमची. त्यात पाणी शिरलं असेल तर वास जात नाही आणि कूलिंगही पुरत नाही. जुना असेल तर खर्च करू नका. वॉशिंग मशीन दुरुस्त होतं. बोअरची सबमर्सिबल मोटर पाण्यातलीच, तिला काही होत नाही, तिचा पॅनल मात्र गेला समजा. सम्पवरचा (जमिनीतल्या टाकीवरचा) मोनोब्लॉक पंप खोलून, वाइंडिंग वाळवून, मेगर करून मगच. गाड्यांना कुणी स्टार्टर मारू नका, बॅटरीची वायर काढा आणि टोइंग करून न्या. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विम्याचं भांडण होतं ते वेगळंच.

ब-००३ ताई: गॅसचा रेग्युलेटर आणि नळी बुडाली असेल तर बदला. सिलिंडर धुऊन चालतो, व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघा.

रविवार, दुपार

अ-४०१: मी एक फॉरवर्ड टाकलाय बघा. टाकीत तुरटी फिरवली की पाणी शुद्ध. उद्या सम्प रिकामा करून तुरटी टाकूया.

ब-२०१ काका: तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आणि उद्या सम्प रिकामा करायचा नाही. हे सगळ्यांनी नीट वाचा.

आपली टाकी जमिनीत आहे. पूर ओसरला तरी काळ्या मातीतलं पाणी आठ-दहा दिवस उतरत नाही. आत पाणी आहे तोवर ते बाहेरच्या पाण्याला रेटून धरतं. आतलं एकदम काढलं की टाकी म्हणजे होडीच. बाहेरचं पाणी खालून उचलतं, तळ फुगतो, कोपऱ्याला चीर जाते, नाहीतर अख्खी टाकी वर येते.

सचिव, अ-३०२: मग पाणी उतरलंय हे ओळखायचं कसं?

ब-२०१ काका: लिफ्टचा खड्डा बघा. तो उपसा आणि उरलेल्या पाण्याच्या कडेला खडूने रेघ मारा. सकाळपर्यंत पाणी रेघेच्या वर चढलं तर जमिनीतलं पाणी अजून वरच आहे. रेघेवर थांबलं तर एक दिवस सोडून परत बघा. दोनदा थांबलं की सम्प, तोही एका दिवशी फार तर दोन फूट.

लिफ्ट वरच ठेवली होती ते बरं झालं. तरी खड्ड्यातले बफर, लिमिट स्विच बुडालेत, लिफ्टवाला बघेपर्यंत तिचा मेन बंदच.

अ-४०१: तोवर प्यायला?

ब-००३ ताई: टँकरचं किंवा नळाचं, गाळून, उकळून. उकळायला गॅस नसेल तर क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटरला, अर्धा तास झाकून ठेवायचं. गढूळ पाण्यात गोळी वाया जाते, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. तुमची तुरटी इथे कामाची: आधी तुरटीने निवळा, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या, मग गोळी.

अ-३०१: सम्पला ब्लिचिंग पावडर किती? मागे २५ ग्रॅम टाकली होती वाटतं.

ब-००३ ताई: ते रोजच्या पाण्याचं माप, दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. पुराचं पाणी शिरलेल्या टाकीला त्याने काही होत नाही. आपला सम्प १२ × ८ × ५ फूट, म्हणजे ४८० घनफूट, गुणिले २८.३, साधारण साडेतेरा हजार लिटर. टाकी निर्जंतुक करायला लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागतं आणि ताज्या पावडरीत ते ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. हिशेब दोन किलोचा येतो. पोतं कधीचं उघडून ठेवलेलं असेल तर जोर गेलेला असतो, ते घेऊ नका.

आधी भिंती-तळ घासून गाळ काढायचा, मग स्वच्छ पाण्याने भरायची. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी ओता. पंपाने वरच्या टाकीत चढवा आणि प्रत्येक घरात प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, नाहीतर पाइपातली घाण तशीच राहते. आरओ आणि गीझरचे कॉक त्या दिवशी बंद. बारा तास ठेवून सगळं सोडून द्यायचं. नंतर रोजच्या मापाने साधारण ३५ ग्रॅम, अर्ध्या तासाने शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायचं. पिवळा रंग आला तर ठीक.

एक अगदी महत्त्वाचं. ब्लिचिंग आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड एकत्र कधीच नको. विषारी वायू निघतो.

अ-१०३ दादा: टाकीत माणूस उतरवायच्या आधी झाकणं रात्रभर उघडी ठेवा. कमरेला दोर, वर दोन माणसं. डिझेल पंप टाकीपासून लांब.

सोमवार

सचिव, अ-३०२: खड्ड्यातलं पाणी रेघेच्या चार बोटं वर चढलंय. सम्पला हात लावायचा नाही.

अ-००१: पेंटर आलाय. म्हणतो, डॅम्पप्रूफ कोट मारून आठवड्यात रंग लावून देतो, गणपतीच्या आत घर नवं. अ‍ॅडव्हान्स मागतोय.

ब-२०१ काका: पैसे देऊ नका. ओल्या भिंतीवर डॅम्पप्रूफ म्हणजे ओल आत कोंडून वर झाकण. दोन-तीन महिन्यांत पापुद्रे सुटतात, ते तो परत करून देत नाही.

भिंतीत पाणी रेघेपर्यंतच नसतं. विटांनी ओढून घेतलेलं असतं, रेघेच्या वर दोन-तीन फूट. पुट्टी आणि जिप्सम प्लास्टर भिजलं की गेलं, रेघेच्या वर तीन फुटांपर्यंत खरवडून काढा. सिमेंटचं प्लास्टर टोकून बघा, पोकळ आवाज आला तेवढंच तोडा. मग वाळू द्या. जाडीच्या इंचाला महिना असा ढोबळ अंदाज धरतात, म्हणजे नऊ इंची भिंत उन्हाळ्यापर्यंत. दुपारी खिडक्या उघड्या, रात्री बंद. पंखा भिंतीवर नको, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे आतली दमट हवा बाहेर जाते. कपाटं भिंतीपासून वीतभर लांब.

अ-००१: वाळली कधी समजायची?

ब-२०१ काका: फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. २४ तासांनी आतून घाम दिसला तर थांबा. मधल्या काळात लोणा फुटेल, पांढरी पावडर. ती कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून परत भिंतीत जातो. सणाला फारच वाटलं तर चुन्याची सफेदी मारा, ती भिंतीला श्वास घेऊ देते. ऑइल पेंट, प्लॅस्टिक पेंट उन्हाळ्यात.

भेगांची घाई पण नको. काळी माती भिजून फुगली आहे, वाळताना आकसेल. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. खुणेच्या पुढे गेली, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जात असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

ब-००४: फर्निचर?

अ-१०३ दादा: पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, फेका. साधा कमर्शियल प्लाय बहुतेक पदर सुटून फुगतो. ७१० नंबरचा मरीन प्लाय टिकतो, मागची पट्टी काढून वाळवा. सागवान सावलीत, उन्हात तडकतं. कापसाच्या गाद्या ठेवू नका, किती ऊन दाखवलं तरी.

ब-००३ ताई: भिजलेली कागदपत्रं ओढून सुटी करू नका. गठ्ठा तसाच सावलीत, मध्ये कोरे टीपकागद घालत. खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधकाकडे मिळते, त्यासाठी जीव काढू नका.

ब-२०३: सगळं पुराचंच चाललंय, पण आमच्या बेडरूमच्या छतातून ब-३०३ च्या बाथरूमचं पाणी ठिबकतंय. हे सोसायटीने करायचं ना?

सचिव, अ-३०२: उपविधीप्रमाणे गच्ची, बाहेरची भिंत, सामाईक पाइप सोसायटीचं. घरातल्या बाथरूम-सिंकची गळती त्या सभासदाची. आधी गळती कुठली ते ठरवा.

ब-२०१ काका: वरच्यांनी रात्री बाथरूमचा कॉक बंद करावा. ठिबक थांबली तर प्रेशरच्या लाइनला गळती. थांबली नाही तर दुसऱ्या दिवशी नहाणी ट्रॅप बोळा लावून बंद करा आणि फरशीवर दोन इंच पाणी २४ तास ठेवा, थोडा रंग घालून. खाली रंगीत आलं तर फरशीचं वॉटरप्रूफिंग किंवा सांधे. आलं नाही, पण आंघोळीला येतं, तर ट्रॅप आणि पाइपचा जोड. तो बहुतेक वेळा नुसता सिमेंटने भरलेला असतो, तो उघडून नीट बसवला की काम होतं. सगळ्या फरश्या फोडायचं एस्टिमेट लगेच मान्य करू नका.

ब-३०३: चालेल काका, आज रात्री कॉक बंद करतो.

पुढच्या आठवड्यात, बुधवार

सचिव, अ-३०२: सोमवारी आणि आज, दोन्ही वेळा खड्ड्यातलं पाणी रेघेवरच.

ब-२०१ काका: मग उद्या सकाळी सम्प. दोन फूट काढून थांबायचं, परवा पुढचे दोन. आणि सचिव, गेटच्या खांबावर ऑइल पेंटने खुणा करून घ्या. २०१९ ला आयर्विनला साडेसत्तावन्न फूट होतं, २०२१ ला पंचावन्नच्या आसपास, त्या दोन्ही रेघा जुन्या लोकांना माहीत आहेत. यंदाची तिसरी. शेजारी लिहा: आयर्विन किती असताना पाणी गेटला लागलं, किती असताना मीटर केबिनला. पुढच्या वेळी बातमीत ४० ची इशारा पातळी आली की लिफ्ट वर नेणं, मोटर काढणं, कमोडमध्ये वाळूची पिशवी, ट्रॅपला बोळे. पाणी दारातून यायच्या आधी संडासातून येतं.

अ-१०३ दादा: मीटर केबिन पण यंदाच्या रेघेच्या दोन फूट वर उचलायचं. महावितरणकडे अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर लागेल.

सचिव, अ-३०२: अर्ज करतो. उद्या सात वाजता सम्पवर चार माणसं हवीत, दोर आहे, गमबूट तीनच जोड आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नंबर सांगा.

अ-००१: ९ नंबर, एक जोड.