ल्युपसच्या ‘बायोमार्कर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (तासगाव) : वहिनीला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. मिरजेला तिच्यासोबत जातो तेव्हा बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना रिपोर्ट दाखवत असतात. त्यांच्यासाठी मराठीत माहितीपत्रक लिहायला घेतलंय. बायोमार्करला जैवचिन्हक, जैवसूचक असे शब्द सापडले. कोणता घेऊ? की सरळ ‘लक्षण’ लिहू?

उत्तर (मिरज) : दादा, ‘लक्षण’ नको. सांधे दुखणं, केस गळणं, गालावर लाली येणं ही लक्षणं. ती पेशंटला जाणवतात. मार्कर रक्तात नाहीतर लघवीत मोजावा लागतो. ‘जैवसूचक’ पर्यावरणवाले दगडफुलासाठी वापरतात. ‘जैवचिन्हक’ घ्या, पण पहिल्यांदा येईल तिथं ‘रक्त-लघवीत मोजता येणारी आजाराची खूण’ असं फोडून लिहा. आणि खूण म्हणजे पुरावा नव्हे, हे ठळक लिहाच. एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, शोधणारा रिपोर्ट) ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या पेशंटमध्ये पॉझिटिव्ह येतो, पण धडधाकट माणसांतही येतो. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो १:८० (म्हणजे रक्तद्रव ऐंशी पट पातळ केला तरी पॉझिटिव्ह) किंवा वर असणं ही फक्त पहिली अट आहे. बाकीचे गुण त्यानंतर मोजतात. नुसत्या त्या कागदावर रडत बसलेल्या मुली आमच्या लॅबमध्ये येतात, फार वाईट वाटतं.

प्रश्न (तासगाव) : ‘अँटी-डीएसडीएनए’ वाचून आत्याबाईंनी विचारलं, डीएनए टेस्ट केली म्हणजे हे घराण्यातनं आलंय का?

उत्तर (मिरज) : नाही हो. यात जनुकं तपासतच नाहीत. स्वतःच्याच डीएनएविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं मोजतात. ‘डीएनएविरोधी प्रतिपिंडं’ लिहा. आजारानं उचल खाल्ली की बऱ्याच जणींत ती वाढतात आणि सी३, सी४ ही रक्तातली संरक्षक प्रथिनं खाली येतात. इथं शब्द जपून वापरा. ‘सी३ कमी आलं’ ऐकून शुगर कमी आल्यासारखं बरं वाटतं बायकांना. ही प्रथिनं त्या धुमश्चक्रीत संपत असतात, म्हणून ‘सी३ खर्ची पडलं’ लिहा.

उत्तर (सातारा) : ल्युपसमध्ये तपासतात त्या आणखी एका प्रतिपिंडाचं नाव ‘अँटी-एसएम’. त्यातलं एसएम म्हणजे स्मिथ. १९६६ साली ज्या पेशंटच्या रक्तात ते सापडलं, तिचं आडनाव. ‘स्मूथ मसल’ लिहू नका, ती तपासणी यकृताच्या आजारासाठी असते. स्मिथ थोड्याच पेशंटमध्ये सापडतं, पण सापडलं तर ल्युपसकडे फार ठामपणे बोट दाखवतं.

प्रश्न (तासगाव) : आणि ‘इंटरफेरॉन सिग्नेचर’? कुणीतरी ‘सही’ लिहिलंय.

उत्तर (मिरज) : ‘ठसा’ म्हणा. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूंशी लढताना शरीर सोडतं ते प्रथिन. त्यामुळे काही जनुकांचं काम एकदम वाढतं, तो रक्तात उमटलेला ठसा. त्याच वाटेवर अडसर घालणारं अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे ल्युपसचं औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कुणाला कोणतं औषध लागू पडेल हे अशा ठशांवरून आधीच कळावं, यासाठी संशोधन चाललंय. लघवीतल्या खुणांवरही चाललंय, तपासणीसाठी किडनीचा तुकडा वारंवार काढावा लागू नये म्हणून. पण पत्रकात ‘चाललंय’ असंच लिहा दादा, ‘आलंय’ नको. बायका दुसऱ्याच दिवशी ती तपासणी मागायला येतील.