राजनयाचा इतिहास कुणाचा? नाशिकरोडच्या नोटा, चांदोरीचे वकील आणि लासलगावचा कांदा

गोदाकाठ (धागाकर्ती)

1 एप्रिल 1948 पासून पाकिस्तानात ज्या नोटा चलनात आल्या, त्या आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या होत्या. नोटा रिझर्व्ह बँकेच्याच, वर राजा सहावा जॉर्जही तोच, फक्त इंग्रजीत आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असं जादा छापलेलं. तेव्हा काश्मीरमध्ये दोन्ही देशांची लढाई जुंपलेली होती. 30 जूनपर्यंत आपली रिझर्व्ह बँकच पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणूनही काम बघत होती. 1 जुलैला त्यांची स्वतःची स्टेट बँक सुरू झाली.

फाळणीनंतरच्या भारत-पाक संबंधांवर मी जे वाचलं त्यात 55 कोटी असतात, गांधीजींचं उपोषण असतं, संयुक्त राष्ट्रं असतात. या नोटा मात्र नाणी-नोटा जमवणाऱ्यांच्या वहीत गेल्या, इतिहासाच्या वर्गात आल्याच नाहीत.

जर्मन इतिहासकार रांकेने एकोणिसाव्या शतकात व्हेनिसच्या राजदूतांचे अहवाल वाचून इतिहास लिहायला घेतला, तेव्हापासून राजनयाचा (डिप्लोमसीचा) इतिहास म्हणजे तह, खलिते आणि मंत्री अशी सवय पडली. गेल्या दोन दशकांत ती मोडू लागली आहे. आता अभ्यासक दुभाषे, कारकून, व्यापारी, नजराणे, मेजवान्या, राजदूतांच्या घरातल्या बायका यांच्याकडेही बघतात. दोन सत्तांमधलं नातं रोज कोण चालवतं, हा त्यांचा प्रश्न आहे.

या कामाला दिल्लीला जायची गरज नाही. चांदोरीचे हिंगणे घ्या. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांचं, म्हणजे तीर्थातल्या पुरोहितांचं, हे घराणं. महादेवभट हिंगणे 1719 च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले आणि पेशव्यांचे वकील, म्हणजे दरबारातले प्रतिनिधी, म्हणून तिथेच राहिले. पुढे मुलांनी तेच काम केलं. त्यांच्या पत्रांत पैशाची तंगी आहे, दरबारातली कुजबुज आहे, दिल्लीतले मराठा सरदार अंताजी माणकेश्वर यांच्याशी चाललेलं हाडवैर आहे. मराठ्यांचं दिल्लीचं राजकारण या पत्रांनी रोज हललं. शाळेच्या पुस्तकात मात्र पानिपत आणि सदाशिवरावभाऊ, बस्स.

माझं म्हणणं असं की नाशिकच्या महाविद्यालयांनी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना इथून सुरुवात करावी. पटत नसेल तर मोकळेपणाने लिहा.

मोडीवाचक

पटत नाही. हिंगण्यांची पत्रं मीही वाचली आहेत. ती महत्त्वाची का? कारण ती 1752 च्या कराराभोवती फिरतात. बादशहाचा वजीर सफदरजंग याच्यामार्फत बादशाहीचं रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांनी पत्करली आणि अब्दालीशी गाठ पडणार हे तिथे ठरलं. तो करार बाजूला केलात तर त्या पत्रांत एका घराण्याची कुरकुर तेवढी उरते.

मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह 17 मे 1782 चा. महादजींनी जमवून आणला, पण नाना फडणीसांनी तो मान्य करायला पुढचं साल उजाडू दिलं. मधल्या काळात, डिसेंबरात, इंग्रजांशी लढणारा म्हैसूरचा हैदरअली वारला. नानांनी मंजुरी का रोखून धरली आणि मग का दिली, हे समजायला तहाची कलमं, तारखा आणि फौजांच्या जागा लागतात. मेजवानीत काय वाढलं होतं त्याने काडीचा फरक पडत नाही.

आणि ही मंडळी सगळ्यालाच राजनय म्हणू लागली आहेत. नजराणा राजनय, पोशाख राजनय, स्वयंपाक राजनय. मग राजनय नाही असं शिल्लक काय राहिलं? आपल्याकडे मोडी वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रुमालच्या रुमाल (कागदांची गाठोडी) न सोडता पडून आहेत. आधी जुन्या पद्धतीचं काम तरी पुरं करा.

गोदाकाठ

मोडीवाचक, तहाची कलमं बाजूला टाका असं मी कुठे लिहिलं? पण 1752 चा करार कागदावर होता तेव्हाच बादशहाने पंजाब अब्दालीला देऊन टाकला होता. कलमं सांगतात काय ठरलं. प्रत्यक्षात काय चाललं होतं, कुणाचे पैसे थकले होते, कोण कुणाच्या कानाला लागलं होतं, हे वकिलाच्या पत्रात सापडतं. ती कुरकुर तुम्हाला किरकोळ वाटते. दिल्लीतली माणसं एकमेकांच्या तक्रारी करण्यात गुंतलेली असताना पुण्याला खरी बातमी कशी पोचणार होती? पानिपताचा विचार करताना हा प्रश्न मला फौजेच्या आकड्याइतकाच मोठा वाटतो.

जेलरोडची

नोटांवरून आठवलं, आखाती रुपयाही आपल्याकडचाच. कुवेत, बहारीन, कतार, दुबईकडे तेव्हा भारतीय रुपयाच चालायचा. त्या रुपयांवर सोन्याची चोरटी आयात व्हायची आणि आपलं परकीय चलन वाहून जायचं. म्हणून 1959 मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. रंग वेगळा, नंबराच्या आधी झेड. कुवेतने 1961 मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहारीनने 1965 मध्ये. जून 1966 मध्ये इंदिराजींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि कतार-दुबईनेही रुपया सोडला. आखातातला आपला शब्द कसा उतरत गेला ते या नोटांवर दिसतं, आणि त्यासाठी एकही तह वाचावा लागत नाही.

बायकांबद्दलही लिहिते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुणं सोडून इथे गंगापूरला येऊन राहिल्या. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंचा शेवटही इथल्या आनंदवल्लीतच. राघोबादादांनी 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला, हे सगळ्यांना पाठ. आनंदीबाई म्हटलं की मात्र 'ध चा मा'च्या पलीकडे कुणी जात नाही. आणि हे पेशवाईपुरतं नाही. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या. बाई अधिकाऱ्याने लग्नाला सरकारची परवानगी घ्यावी, असा तिथे नियम होता. तो त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिलं. देशाच्या वतीने बोलायला कोण बसणार हे असे नियम ठरवत होते. अशा नियमांना परराष्ट्र धोरणाच्या बाहेर कसं ठेवणार?

निफाडचा शेतकरी

धाग्याच्या नावात कांदा आहे म्हणून लिहितो. तुम्हाला वाटेल कांदेवाला गोदाकाठ ताईंच्या बाजूने असणार. मी मोडीवाचकांच्या बाजूने आहे.

29 सप्टेंबर 2019 ला कांद्यावर निर्यातबंदी आली. आठवडा व्हायच्या आत बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांपुढे म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. लोक हसले. पेपरात 'कांदा डिप्लोमसी' छापून आलं. मला हसू आलं नाही. आमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक देश न कळवता तोडला, ही गोष्ट मजेच्या सदरात गेली.

मग 8 डिसेंबर 2023 ची बंदी. 1 मार्च 2024 ला बांगलादेशाला 50,000 टन आणि यूएईला 14,400 टन द्यायचं ठरलं, म्हणजे कुणाला किती कांदा जाणार हे दोन सरकारं ठरवणार. बंदी उठली 4 मे ला. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान होतं 20 मे ला.

आता सांगा, यात 'नातं रोज कोण चालवतं' हे शोधून मला काय मिळणार? व्यापारी, आडते, हमाल, ट्रकवाले, बांगलादेश सीमेवरचा बेनापोलचा नाका, सगळे यात आहेत हे मान्य. पण सगळे आहेत म्हटलं की कुणीच जबाबदार नाही असं होतं. मला हवंय ते जुनंच आहे. बैठक कुठे झाली, कोण होतं, बांगलादेशाचा विषय निघाला का, सही कुणाची. ते नाव सापडेपर्यंत मला दुभाष्यांचा इतिहास सांगू नका.

मोडीवाचक

शंभर टक्के. 1963 मध्ये याच नाशिकने यशवंतराव चव्हाणांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. ते संरक्षणमंत्री होते, जानेवारी 1966 मध्ये शास्त्रीजींबरोबर ताश्कंदला होते, पुढे 1974 ते 77 परराष्ट्रमंत्री. निर्णय घेणारा माणूस आपल्या मतदारसंघाचा होता आणि त्याचा त्या अंगाने अभ्यास करायला आपल्याकडे किती विद्यार्थी आहेत?

गोदाकाठ

निफाडकर, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आहे आणि मला त्याच्याशी भांडायचंय.

सही कुणाची हे विचारायलाच हवं. पण नुसत्या सहीतून 2019 चा निर्णय कळणार नाही. त्या फाइलवर बहुधा दिल्लीतले किरकोळ दर असतील, ढाक्याचं नावही नसेल. नियमाप्रमाणे 25 वर्षांनी कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवेत, म्हणजे 2044. आणि ती फाइल उघडली तरी ढाक्यात त्या आठवड्यात काय झालं, लासलगावला लिलाव कसे पडले, बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानाकडे कशी धाव घेतली, हे तिच्यात नसणार. शेजाऱ्याचा विश्वास कसा गेला त्याची कुणी फाइल काढत नाही. तो बाजारात जातो. म्हणून बाजाराचे कागद वाचायचे. जबाबदारी पातळ होत नाही याने. निर्णयाची किंमत कुणी मोजली ते नोंदलं जातं, आणि मग सही करणाऱ्याला विचारायला आपल्या हातात काहीतरी असतं.

निफाडचा शेतकरी

किंमत कुणी मोजली ते आम्हाला ठाऊक आहे ताई, त्याला संशोधन नको. पण 2044 पर्यंत थांबायचं असेल तर एक करा. कांदा विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबपट्ट्या लोक वर्षा-दोन वर्षांत रद्दीत टाकतात. माझ्याकडे 2019 आणि 2023-24 च्या आहेत, तारखेसकट, भावासकट. गावात आणखी घरांत निघतील. तुमच्या विद्यार्थ्यांना पाठवा, फोटो काढून न्या. आणि त्या वाचायला येतील तेव्हा माहितीच्या अधिकाराचा अर्जही लिहून आणायला सांगा, सही कुणाची ते विचारणारा. दोन्ही नसेल तर येऊ नका.

मोडीवाचक

अर्जाचा मसुदा मी करून देतो.