नमन-जाखडीच्या बुरशी लागलेल्या कॅसेट कशा वाचवायच्या?

वरचीवाडी: आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. मंडळाकडे नमन आणि जाखडीच्या, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोककलांच्या, जुन्या कॅसेट आहेत, बऱ्याच कॅसेटवर पांढरी बुरशी. जुने गायक दोघेच उरलेत. मोबाइलवर त्यांचं रेकॉर्डिंग केलं, पण मृदंगाची थाप पडली की गाणं दबतं. सुरुवात कुठून करू?

कातळ: कॅसेटपासून करा, पण आहे तशी टेपमध्ये घालू नका. बुरशी हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. आधी मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या जिभल्या तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसणार नाही. मग ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलबरोबर घट्ट डब्यात ठेवा. जेल गुलाबी झालं की बदला. बुरशीची कोरडी भुकटी झाली की मास्क लावून, अंगणात, मऊ ब्रशने झाडा. ओला बोळा नको. कवच वाकलं असेल किंवा फितीमागची फेल्टची गादी निसटली असेल, तर फीत नव्या कवचात घाला. ९० मिनिटांची फीत ६० च्यापेक्षा पातळ असते, ती फार जपून गुंडाळा.

आता खरं महत्त्वाचं. टेपच्या हेडशेजारी स्प्रिंगवर बसवलेला बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो किंचित फिरवत झांज ऐका. झांज सगळ्यात लख्ख वाजली की थांबा. हे दर कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण ती भरली त्या टेपचं हेड वेगळ्या कोनात होतं. इथे गेलेला झणकार नंतर काँप्युटरवर ट्रेबल वाढवून परत येत नाही. फाइल वेव्ह (WAV), ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट; स्टिरिओला तासाला साधारण २ जीबी. एमपी-थ्री फक्त ऐकायला.

रानजाई: गाणं दबतं ते मोबाइल लेव्हल आपोआप कमी करतो म्हणून. रेकॉर्डरवर लेव्हल हाताने लावा: सगळ्यात जोराच्या थापेला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास. जाखडीत गायक-वादक मधे बसतात आणि नाचणारे भोवती फिरतात, त्यामुळे बाहेर ठेवलेल्या एकाच माइकात त्यांच्या पायातले चाळच (घुंगरू) भरतात. एक माइक गायकापासून वीतभरावर, दुसरा रिंगणाबाहेर उंच, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. पत्र्याचा मंडप टाळा, घुमतो.

तेच गाणं एकदा वाद्यांशिवायही म्हणून घ्या, शब्द त्यातूनच नीट लिहून होतात. बोली आहे तशीच लिहा हो, पुस्तकी मराठी केलीत की यमक तुटतं. नाव, वाडी, तारीख आणि गाणं कोणाकडून शिकले हे गायकाने सुरुवातीलाच बोलावं, वही हरवते.

वरचीवाडी: आणि फाइली व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ठेवल्या तर?

कातळ: नको दादा, फोन बदलला की गेल्या. दोन हार्ड डिस्क घ्या, एक गावात, एक मुंबईच्या मंडळाकडे. गणपतीला चाकरमानी ती घेऊन आले की दोन्ही लावून फाइली उघडून पाहा.

रानजाई: गाऱ्हाण्याचं, म्हणजे देवाला घातलेल्या साकड्याचं, रेकॉर्डिंग असेल तर ते मात्र गावकर-मानकऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय गावाबाहेर देऊ नका.