‘अमेरिकन मॅडनेस’ पाहिला. नुसत्या अफवेने बँक बसते का हो?

परळची_लेक
काल रात्री फ्रँक काप्राचा १९३२चा ‘अमेरिकन मॅडनेस’ पाहिला. वॉल्टर ह्यूस्टन बँकेचा अध्यक्ष डिक्सन झालाय, माणूस ओळखून छोट्या धंदेवाल्यांना कर्ज देणारा. बँकेत चोरी होते, टेलिफोनवरच्या मुली एकमेकींना सांगतात, चोरीचा आकडा तोंडातोंडी फुगतो आणि दारात झुंबड उडते. ती फोनाफोनी अक्षरशः अंगावर आली. आईची एफडी एका सहकारी बँकेत आहे, त्यामुळे नीट झोप लागली नाही. चांगली चाललेली बँक खरंच अशी बसू शकते?

निवृत्त_कॅशियर_दादर
ताई, बसू शकते. ३१ वर्षं सहकारी बँकेत कॅश सांभाळली. लोकांना वाटतं आपले पैसे तिजोरीत पडून असतात. ते कुणाच्या टॅक्सीत, कुणाच्या घरकर्जात फिरत असतात. तिजोरीत रोजच्या देण्याघेण्यापुरती रोकड. सगळे एकाच दिवशी आले तर धडधाकट बँकही पुरी पडत नाही.

आमच्या शाखेत एकदा तसं झालं. पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले दुसऱ्याच बँकेवर, बोभाटा झाला आमच्या नावाचा. सकाळी शटर वर केलं तर रांग फूलबाजारापर्यंत. पितळी टोकनं अर्ध्या तासात संपली, शिपायाने पुठ्ठा कापून त्यावर आकडे लिहिले. ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजताना मी दोनदा चुकलो. मॅनेजरसाहेब मागून म्हणाले, “गड्ड्या ड्रॉवरमध्ये नको, काचेजवळ रचा. लोकांना दिसू देत.” दुपारी रोकड आली तीही मुद्दाम पुढच्या दाराने, रांगेच्या डोळ्यांदेखत आत नेली. संध्याकाळी सातपर्यंत काउंटर उघडं ठेवलं. एक कोळीणबाई नंबर लागल्यावर म्हणाल्या, “देताव ना? मग ऱ्हाऊ दे,” आणि स्लिप फाडून गेल्या.

सिनेमात शेवटी कर्जदार धावून येतात, पैसे भरतात. आमच्याकडे तसं कुणी आलं नाही. रोकड दिसली म्हणून रांग विरली.

लालबागकर
काका, माझ्या बाबांची बँक अफवेने नाही बुडाली. संचालकांच्या सोयऱ्याधायऱ्यांना कर्जं वाटली होती. ‘माणूस बघून कर्ज’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. जे घाबरून आधी रांगेत उभे राहिले त्यांचे पैसे निघाले. बाबा विश्वास ठेवून घरी बसले.

निवृत्त_कॅशियर_दादर
दादा, ऐकून वाईट वाटलं. पोखरलेली बँक काचेजवळ गड्ड्या रचून वाचत नाही, ती वाचवूही नये. सिनेमातला डिक्सन कर्जदाराची मेहनत आणि धंदा बघायचा, सोयरीक नाही. पण ठेवीदाराला बाहेरून हा फरक कळायचा कसा? म्हणून तर ठेवींचा विमा लागतो, म्हणजे बँक बुडाली तरी ठरावीक रकमेपर्यंत पैसे परत मिळतात. अमेरिकेत तो या सिनेमानंतर आला, १९३३च्या कायद्याने. आपल्याकडे केरळची पलाई सेंट्रल बँक १९६०मध्ये बुडाली, त्यानंतर १९६२पासून, सुरुवातीला फक्त १,५०० रुपयांपर्यंत. फेब्रुवारी २०२०पासून मर्यादा पाच लाख, मुद्दल आणि व्याज धरून. २०२१च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम द्यायची तरतूद झाली.

ताई, आईच्या पावत्या एकदा समोर घेऊन बसा.

परळची_लेक
बसले. एक साडेतीन लाखांची, दुसरी त्याच बँकेच्या शिवडी शाखेत दोन लाखांची. दोन्ही एकट्या आईच्या नावावर. शाखा वेगळी म्हणजे विमाही वेगळा ना?

निवृत्त_कॅशियर_दादर
नाही. बँक एक, नाव एक, मग सगळ्या शाखा मिळून पाच लाखच. दोन लाखांची पावती मुदत संपली की दुसऱ्या बँकेत हलवा. आज घाईने मोडू नका, व्याज कापलं जाईल.