शत्रूंच्या गटांचे वर्गीकरण
गेमविषयक विकीवर सर्व विरोधी गटांची पाने ‘शत्रू’ या एकाच वर्गात (विषयवार यादीत) ठेवावीत, ही सूचना मला पटत नाही, कारण वैर हे गटाचे कायमचे लक्षण नसते. ‘हेलो’ या व्हिडिओ गेम मालिकेतील एलिट हे परग्रही योद्धे 2001 च्या पहिल्या गेममध्ये कव्हेनंट या परग्रहींच्या आघाडीकडून खेळाडूवर चालून येतात, तर 2007 च्या ‘हेलो 3’मध्ये तेच त्याच्या खांद्याला खांदा लावून लढतात. अशा गटाच्या पानावर सरसकट ‘शत्रू’ असा शिक्का मारणे वाचकावर अन्याय करणारे आहे. म्हणून मूळ वर्ग गटाच्या नावाने असावा आणि शत्रुत्वाची नोंद गेमनिहाय, पानावरील माहितीचौकटीतून (ठळक माहितीच्या तक्त्यातून) व्हावी. मीडियाविकी या विकीच्या सॉफ्टवेअरमध्ये साचाच (अनेक पानांवर वापरता येणारा तयार नमुना) हे वर्ग आपोआप लावू शकतो. फ्लड हा परजीवी जीवांचा गट मात्र कव्हेनंटवरही तुटून पडतो, त्यामुळे त्याला कव्हेनंटचा उपवर्ग न करता स्वतंत्र वर्गच द्यावा.