पृथ्वीची सख्खी बहीण कोण? मंगळाचं कौतुक आता पुरे

कोरडा_पाषाण

लेकीला शाळेसाठी ग्रहांचा तक्ता करायचा होता. 'पृथ्वीसारखा ग्रह' अशी एक चौकट होती, तिच्यात तिने लाल स्केचपेनने मंगळ काढायला घेतला. म्हटलं, अगं, शुक्र काढ. तर म्हणे, "बाबा, तिथे कोण जातं?"

घराघरात हेच झालंय. गाड्या मंगळावर फिरतात, फोटो मंगळाचे येतात, वस्ती करायची तीही मंगळावर. मग सारखा कोण, तर मंगळ. जरा काट्यावर ठेवून बघू या.

पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी. शुक्राचा १२,१०४. मंगळाचा ६,७७९. शुक्राचं वस्तुमान पृथ्वीच्या ८१.५ टक्के, मंगळाचं जेमतेम १०.७. म्हणजे एका पारड्यात पृथ्वी ठेवली तर दुसऱ्यात नऊ मंगळ घालूनही काटा बरोबर येत नाही. इथे ६० किलो भरणारा माणूस शुक्रावर ५४ किलो भरेल आणि मंगळावर २३. घनता पाहिली तरी शुक्र ५.२, आपण ५.५, मंगळ ३.९.

एकाच सूर्याभोवतीच्या धूळ-दगडातून शेजारीशेजारी घडलेले, जवळपास एकाच मापाचे दोन गोळे. सख्खी बहीण हीच. मंगळ फार तर लांबचा चुलतभाऊ. पटत नसेल त्यांनी आकडे घेऊन यावं.

वाईची_नंदा

असहमत. नाती वजनकाट्यावर ठरतात होय?

आकडे हवेत ना, घ्या. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. आस २५.२ अंशांनी कललेली, आपली २३.४. त्यामुळे तिथे उन्हाळा आहे, हिवाळा आहे, फक्त वर्ष ६८७ दिवसांचं असल्याने ऋतू लांबतात. ध्रुवांवर बर्फ आहे. कोरड्या पडलेल्या नद्यांची पात्रं आहेत, त्रिभुज प्रदेश आहेत.

आता तुमची सख्खी बहीण. स्वतःभोवती फिरते उलटी, सूर्य पश्चिमेला उगवतो. एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत आपले ११७ दिवस. आस तीन अंशसुद्धा कललेली नाही, म्हणजे ऋतू नाहीतच. जमिनीवर ४६५ अंश सेल्सिअस. कल्हईवाल्याचं कथील २३२ अंशाला पातळ होतं, शिसं ३२७ला, इथे जस्तसुद्धा वितळेल. हवेचा दाब पृथ्वीच्या ९२ पट, समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यासारखा.

माझ्या लेखी बहीण ती, जिच्या घरी दोन दिवस राहता येतं.

कोरडा_पाषाण

नंदाताई, 'दोन दिवस' म्हणालात हे बरं झालं.

१९८५ साली सोव्हिएत संघाच्या व्हेगा १ आणि व्हेगा २ या यानांनी शुक्राच्या हवेत दोन फुगे सोडले होते. साधारण ५४ किमी उंचीवर दोन्ही फुगे जवळजवळ ४६ तास तरंगत राहून माहिती पाठवत होते. दोनच तास कमी पडले बघा! कारण ५० ते ५५ किमीच्या पट्ट्यात दाब पृथ्वीइतका किंवा त्याच्या निम्मा असतो आणि तापमान खालच्या टोकाला ७५ अंश, वर ३० च्या आतबाहेर. चंद्रपूरचा मे महिना आणि त्याहून जरा वर.

आणि मंगळावर कुठे राहणार तुम्ही? दाब आपल्या एक टक्कासुद्धा नाही, ०.६ टक्के. अंगाच्या तापमानाचं पाणी तिथे उकळायला लागतं. सरासरी तापमान उणे ६० च्या आसपास. सुतक दोन्ही घरी सारखंच.

वाईची_नंदा

गंधकाम्लाच्या ढगात फुग्याला लटकणं याला तुम्ही राहणं म्हणता? पाहुण्याला माळ्यावर टांगून ठेवल्यासारखं झालं.

अर्धवट_शास्त्री

एवढं कीस काढायला झालंय काय? शुक्र सूर्याच्या जवळ म्हणून तापला, मंगळ लांब म्हणून गारठला, पृथ्वी मधे म्हणून बरी. दहावीचा मुलगा सांगेल.

निशाचर

शास्त्रीबुवा, दहावीचा मुलगा बुध विसरला. बुध शुक्राहून कितीतरी जवळ. तिथे भरदुपारी ४३० अंश, पण रात्री उणे १८०. शुक्र लांब असून जास्त गरम, आणि तोही दिवसा-रात्री, विषुववृत्तावर-ध्रुवावर जवळपास सारखाच.

याहून मजेची गोष्ट म्हणजे शुक्रावर सूर्यप्रकाश पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट पडतो, पण ढग त्यातला तीन चतुर्थांश परत फेकतात. पृथ्वी ३० टक्केच परत पाठवते. हिशेब मांडला तर शुक्र दर चौरस मीटरमागे पृथ्वीपेक्षा कमी ऊन पोटात घेतो! संध्याकाळी पश्चिमेला शुक्राची चांदणी एवढी झळकते ती या ढगांच्याच जोरावर.

मग ४६५ अंश आले कुठून? हवेतून. तिथली ९६.५ टक्के हवा कार्बन डायऑक्साइड, तीही इतकी दाट. आलेलं थोडकं ऊनसुद्धा उष्णता बनून बाहेर पडू शकत नाही.

पृथ्वीवर कार्बन कमी आहे असंही नाही. ढोबळमानाने शुक्राइतकाच आहे, पण आपला चुनखडीत गाडलेला. पावसाने खडक झिजवले, नद्यांनी ते समुद्रात नेले, तिथे त्याचे थर झाले. शुक्रावर हे करायला पाणी उरलं नाही. मी धागालेखकाच्या बाजूने, कारण इथे माल एकच आहे, साठवला वेगळ्या ठिकाणी.

वाईची_नंदा

@निशाचर, 'उरलं नाही' म्हणताय म्हणजे आधी होतं हे गृहीत धरलंत. तेच तर वादात आहे. २०१६ मध्ये नासाच्या एका गटाच्या संगणकी प्रारूपात शुक्रावर दीर्घकाळ समुद्र टिकू शकला असता असं दिसलं. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांच्या प्रारूपात उलटं, वाफ कधी थंड होऊन पाऊस पडलाच नाही. हे दुसरं खरं असेल तर या बहिणी पाळण्यातच वेगळ्या झाल्या.

मंगळाचं तसं नाही. तिथे पाणी वाहिलं याची खूण दगडात आहे. गोटे घासून गोल झालेत, गाळाचे थर आहेत. मी प्रारूपावर नाही, दगडावर विश्वास ठेवते.

निशाचर

प्रारूपांचं मान्य. पण पाणी गेल्याची एक खूण शुक्राच्या हवेत आहे. १९७८ च्या पायोनियर व्हीनस मोहिमेत तिथे जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटींहून जास्त सापडलं. पाण्यातला हलका हायड्रोजन अवकाशात निसटला, जड मागे राहिला. म्हणजे पाणी होतं एवढं नक्की. समुद्र होता की नुसती वाफ, ते त्यावरून कळत नाही, तेवढं तुमचं बरोबर.

भिडू_सातारकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय 😄 एक शंका. मंगळाला चुंबकीय क्षेत्र उरलं नाही म्हणून सौरवाऱ्याने (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने) त्याची हवा उडवून नेली असं वाचलंय. शुक्रालाही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही. मग त्याची हवा का नाही गेली?

कोरडा_पाषाण

सातारकर, लाख बोललात. मी दोन पानं लिहूनही हे मांडलं नव्हतं.

चुंबकीय कवच नसूनही शुक्राकडे पृथ्वीच्या ९२ पट दाबाची हवा आहे. कारण तो भारी आहे. शुक्रावरून निसटायला सेकंदाला १०.४ किमी वेग लागतो, पृथ्वीवरून ११.२, मंगळावरून फक्त ५. हलका हायड्रोजन दोन्हीकडून गेला, पण जड वायू शुक्राने धरून ठेवले. मंगळ लहान, म्हणून आतून लवकर निवला, चार अब्ज वर्षांपूर्वीच त्याचं चुंबकीय क्षेत्र विझलं, आणि हवा धरून ठेवायचं बळही अंगात नव्हतं. मंगळाची बरीचशी रड त्याच्या आकारात आहे. म्हणून मी पहिल्यापासून काटा घेऊन बसलोय.

शुक्र मात्र आतून अजून धगधगतोय. मॅगेलन यानाने १९९१ मध्ये आठ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या रडार चित्रांत माट मॉन्स या ज्वालामुखीजवळचं एक मुख मोठं झालेलं दिसलं. हे लक्षात आलं २०२३ मध्ये, जुनी चित्रं पुन्हा तपासताना.

(अवांतर: शुक्रावरच्या जवळजवळ सगळ्या जागांना स्त्रियांची नावं आहेत. तिथे 'जोशी' नावाचं एक विवर आहे, आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचं. 'मेधावी' हे पंडिता रमाबाईंचं आणि 'झिराड' हे डॉ. जेरुशा झिराड यांचं. सांगा आता, कोण परकं?)

वाईची_नंदा

आनंदीबाईंना मधे आणून भावनेला हात घालणं हा फाउल आहे! पण हे माहीत नव्हतं, आभार.

आकाराचा मुद्दा अर्धा मान्य. मग दुसरा अर्धा ऐका. सख्खी बहीण म्हणता, तर पृथ्वीसारखे सरकणारे भूपट्ट शुक्रावर दाखवा. नाहीत. ज्यांच्यामुळे आपला कार्बन खाली जातो आणि ज्वालामुखीतून परत वर येतो, ते यंत्रच तिथे नाही. माप सारखं असून आतला कारभार वेगळा.

आणि आपल्याला शुक्र कळलाय तरी किती? १९८२ मध्ये व्हेनेरा १३ हे सोव्हिएत यान खाली उतरलं, १२७ मिनिटं टिकलं. मंगळावर नासाची ऑपॉर्च्युनिटी ही गाडी २००४ ते २०१८, चौदा वर्षं चालली. दोन तासांच्या ओळखीवर सख्खं नातं जोडायचं?

बुधवारकर

तुम्ही दोघंही चुकताय 🙂 आपला सर्वात जवळचा शेजारी बुध. वर्षानुवर्षांची सरासरी काढली तर पृथ्वीपासून बुध १.०४, शुक्र १.१४, मंगळ १.७० खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर). कारण शुक्र नि मंगळ सूर्यापलीकडे गेले की फार लांब जातात, बुध आपला सूर्याला बिलगून.

आणि बुधावरचं गुरुत्व मंगळाइतकंच आहे, ३.७० मीटर प्रति सेकंद वर्ग. मंगळाचं ३.७१. मंगळ आकाराने कितीतरी मोठा, पण बुधाच्या पोटात लोखंड गच्च, त्रिज्येच्या ८५ टक्क्यांपर्यंत नुसता गाभा.

वाईची_नंदा

सरासरी काढून शेजार ठरवायचा तर माझी शेजारीण म्हणजे माझं ऑफिस.

कोरडा_पाषाण

😄 बुधवारकरांना वेगळा धागा काढायला परवानगी आहे.

नंदाताई, भूपट्टांवर मी हरलो, लिहून घ्या. दोन तासांच्या ओळखीचं म्हणाल तर तेवढ्यासाठीच इस्रोच्या शुक्र मोहिमेची वाट बघतोय. सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटींची मंजुरी मिळाली, उड्डाण मार्च २०२८ मध्ये ठरलंय. मंगळयान ४५० कोटींत गेलं होतं, बहिणीवर खर्च जास्तच करायचा असतो.

तक्ता काल शाळेत गेला. मंगळच काढलाय. पिवळं स्केचपेन वाळलं होतं म्हणे.

वाईची_नंदा

लेकीला माझ्याकडून लाल स्केचपेनचा अख्खा बॉक्स.